येळवशीच्या शेतातलं ताट

ते ताट माझं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाला नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ते कधी सरळ मांडलं नाही. ‘माझ्या चुकांची क्षमा कर’ असं घाऊक मागून मोकळा होत आलो. आता लिहितोय आणि छापायला देतोय. आमच्या तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांत हे वाचलं जाईल, त्यावर बैठक बसेल, माझं मंडळीतलं वडीलपण जाईल. वडील म्हणजे वयानं थोर असं नव्हे, मंडळीचा कारभार पाहायला नेमलेला माणूस. ते पद जातं तर जाऊ दे.

आमचं गाव सास्तूरहून माकणीकडं जाताना लागतं. भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. लोक तात्पुरत्या निवाऱ्यांतून पक्क्या घरांत गेले तेव्हा मागं उरलेले पत्रे आमच्या मंडळीनं मागून घेतले आणि त्यांचंच प्रार्थनाघर उभं केलं. उन्हाळ्यात आत बसवत नाही. त्या निवाऱ्यांतल्या दिवसांत मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. एका कढईतलं सगळ्या गावानं खाल्लं, कुणी कुणाची जात विचारली नाही. पुढं पक्की घरं झाली आणि पंगतीही पुन्हा पक्क्या झाल्या.

माझा आजा गावकुसाबाहेरचा. लग्नाकार्यात त्याला अंगणाच्या कडेला बसवायचे आणि भाकरी वरून टाकायचे. मिशनच्या शाळेत त्याला अक्षर मिळालं, बाप्तिस्मा मिळाला आणि त्याबरोबर नियम मिळाले. जत्रेला जायचं नाही. देवाला दाखवलेलं खायचं नाही. मेलेल्या जनावराचं मांस घरात आणायचं नाही. कुणी वरून टाकलेलं घ्यायचं नाही. यातला शेवटचा नियम मिशनचा नव्हता, आज्याचा स्वतःचा होता. पण सांगताना तो सगळे एका दमात सांगायचा, जणू सगळे देवानं एकाच दिवशी दिलेत. त्या नियमांना हसणाऱ्यांतला मी नाही. त्यांनी माझ्या आज्याला उभं केलं. गावातला माणूस ‘घे रे, प्रसाद हाय’ म्हणून हात लांब करायचा तेव्हा आजा हात जोडून ‘आमच्यात चालत नाही’ म्हणायचा. ‘तुमच्यात आम्ही चालत नाही’ हे ऐकत ज्याचं बालपण गेलं, त्याला ‘आमच्यात चालत नाही’ म्हणता येणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला कळायचं नाही.

म्हणूनच व्यासपीठावरून कुणी यहूदी लोकांच्या नियमांची टिंगल केली की मला आतून राग येतो. आमच्यात तशी सवय आहे. आलेला प्रत्येक प्रचारक सांगतो, ते लोक नियमांचे गुलाम, दगडी काळजाचे, हात धुण्यात आणि भांडी घासण्यात देव विसरलेले. मी रविवारचा पाठ घेतो, त्यामुळं थोडं वाचलेलं आहे. परक्या राजांच्या राज्यात त्या लोकांकडं आपलं असं काय उरलं होतं? विसाव्याचा शनिवार होता, पोराची सुंता होती आणि ताट होतं. डुकराचं मांस खा नाहीतर मर, असं म्हणणारेही त्यांच्यावर येऊन गेले, आणि माणसं मेली पण त्यांनी खाल्लं नाही. आपले प्रभू त्याच ताटावर वाढले. पहिले शिष्य मंदिरात जात होते, सण पाळत होते, खाण्यापिण्याचं सगळं सांभाळत होते. आपण वेगळा धर्म काढलाय असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पेच पडला तो बाहेरची माणसं आत यायला लागली तेव्हा. परजातीचे लोक म्हणाले, आमचाही विश्वास बसलाय. आता यांचं काय करायचं? आधी सुंता करून यहूदी व्हा, नियमशास्त्र पाळा, मग या, असं काहींचं म्हणणं. तसेच येऊ द्या, असं काहींचं. मी वर्गाला आपल्याकडच्या भाषेत सांगायचो: सोयरीक तर जुळली, पण पंगत कुठं बसवायची? आणि मग अंत्युखिया शहरातली गोष्ट. पहिल्या शिष्यांतला मोठा, मूळचा कोळी, तिथं परजातीच्या विश्वासणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. यरुशलेमहून जुन्या वळणाची माणसं आली, तसा तो हळूच बाजूला झाला. त्याचं बघून बाकीचेही सरकले. तेव्हा तंबू शिवणाऱ्या दुसऱ्या प्रेषितानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं, की कालपर्यंत यांच्यात जेवलास, मग आज का सरकलास?

हा भाग मी दर वर्षी शिकवायचो, चांगला रंगवून शिकवायचो. पुढं सांगणार आहे त्या येळवशीच्या सणानंतर बंद केला. पाठ त्या पानाजवळ आला की मला कणकण यायची, नाहीतर शाळेची कामं निघायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेची कामं म्हटलं की कुणी उलटून विचारत नाही.

वैनी आमच्या प्रार्थनाघरात आल्या त्या त्यांच्याच रानात खुरपायला येणाऱ्या एका बाईबरोबर. त्यांचं घर गावातलं मोठं. माझा आजा ज्या अंगणाच्या कडेला बसायचा ते याच घराचं जुनं अंगण. पहिल्या दिवशी त्या दाराशी पदर सावरत उभ्या होत्या; दुसऱ्या रविवारी शेवटच्या रांगेत बसल्या; मग येतच राहिल्या. आजारपण नाही, भुताखेताचं काही नाही, नवरा पीत नाही. मी एकदा विचारलं, की तुम्हाला इथं काय मिळतं? त्या म्हणाल्या, “हितं मला कुणी कुणाची सून म्हणून बसवत न्हाय.” एवढंच.

त्यांचे मालक जरा विनोदी स्वभावाचे. चौकात मला अडवून म्हणायचे की मास्तर, रविवारी बायको तुमच्या देवाची, सोमवारपासून माझी, आणि येळवशीला ती ना तुमच्या देवाची ना माझी, भज्जीच्या पातेल्याची. नाताळला ते स्वतः येऊन केक खाऊन गेले होते. ‘आमचा देव त्या केकावरनं रुसला नाही,’ असा दाखलाही ते देत. वैनींनी बाप्तिस्मा मागितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की नाव बदलावं लागतं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग रेशनकार्डाचा घोळ नाही, होऊ द्या.

येळवस आमच्या भागाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. मार्गशीर्षातल्या अवसेला अख्खं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. घरात राहील तो अभागी. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो, मुसलमानाला बोलावतो, एसटीच्या कंडक्टरला हाका मारतो. आम्हालाही बोलावणं असायचं, पण आमची माणसं त्या दिवशी दारं लावून घरात बसायची. अख्ख्या गावात धूर आमच्याच चुलींचा.

त्या वर्षी बोलावणं घेऊन वैनींच्या सासूबाई स्वतः शाळेच्या फाटकाशी आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. म्हणाल्या, “मास्तर, सून तुमच्यात येती. म्या अडवली न्हाय. आता तुमी एक दिस आमच्यात या. कोपीपाशी बसून जेवायचं, पाया पडा म्हणत न्हाय म्या.”

मी रात्रभर विचार केला, असं लिहिलं तर खोटं होईल. मी तिथंच हो म्हटलं. जेवण आधी त्या दगडांना दाखवलं जाणार हे मला ठाऊक होतं. पण माझ्या आज्याला ज्या घरानं वरून टाकलं, ते घर मला शेजारी बसवत होतं. ते नाकारायचं तर त्याला देवाचंच कारण हवं, आणि मला माझ्या मनात तसं कारण सापडलं नाही. मी भुलून गेलो नाही, समजून उमजून गेलो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पूजा चालली होती तेव्हा मी तुरीच्या कडेला उभा राहिलो. कुणी ओढलं नाही. वैनीही कोपीत गेल्या नाहीत, चुलीपाशी राहिल्या. मालक आंबिलीचं मडकं घेऊन ज्वारीतून शिंपडत पळाले आणि कानडीत आरोळी देत राहिले. परत आल्यावर मी अर्थ विचारला. “अर्थ इचारू नका मास्तर, आमच्या बापालाबी ठावं नव्हता. पीक मात्र येतंय,” असं त्यांचं उत्तर.

मग पंगत बसली. मावशींनी मला त्यांच्या मुलाच्या उजव्या हाताला बसवलं. ताट पुढं ठेवलं, आणि वाढायला दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. पालेभाज्या नि हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, लसूण घातलेली आंबील. त्या गुडघ्यांनी अधू आहेत, तरी माझ्यापुढं वाकल्या. वाकून वाढलं. मी खात होतो, आणि पाप करतोय असं मनातही आलं नाही. माझ्या बापानं हे बघायला हवं होतं असं वाटत होतं.

अर्धं जेवण झालं असेल. बांधावरून तीन पांढरे सदरे येताना दिसले. त्यांची जीप मागं रस्त्यावर उभी होती. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, तालुक्याला राहतात, महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर द्यायला येतात. सुट्टीचा दिवस बघून ते दोन वडिलांना घेऊन बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना घरी भेटायला निघाले होते. शहरात वाढलेला माणूसच येळवशीला कुणी घरी सापडेल असं धरून चालेल. घराला कुलूप बघून कुणीतरी त्यांना रानाची वाट दाखवली.

मी उठलो. कुणी उठवलं नाही. मावशींनी विचारलं, का हो उठलात, तर मी पाणी, पाणी असं काहीतरी पुटपुटलो आणि कोपीच्या मागं गेलो. तिथं मी हाताला माती चोळली. आंबिलीतल्या लसणाचा वास जाईना म्हणून पुन्हा चोळली. मग तुरीतून वळसा घालून बांधावर गेलो आणि पाळकसाहेबांना सामोरा गेलो. म्हणालो, “मीही आत्ताच येतोय. म्हटलं, वैनींना भेटावं.”

आम्ही सगळे मिळून कोपीपाशी आलो. नमस्कार झाले. पाळकसाहेब सज्जन माणूस आहेत, बोलायला मऊ. पंगतीत मालकांच्या शेजारची एक जागा रिकामी होती आणि तिथं अर्धं खाल्लेलं ताट होतं. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “हे कुणाचं ताट? जेवणारा कुठं गेला?”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मावशींनी तोंड उघडलं. मी ज्वारीकडं बघत होतो.

वैनींच्या हातात पळी होती. ती त्यांनी पातेल्यावर आडवी ठेवली, आल्या, आणि त्या ताटावर बसल्या. “माझं हाय,” म्हणाल्या, आणि माझा मोडलेला उंडा उचलून खायला लागल्या.

ज्यांना त्या घराची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या घरात बायका पुरुषांच्या आधी जेवत नाहीत, पुरुषांच्या पंगतीत तर बसतच नाहीत. सासूसमोर, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून, परक्या पुरुषाचं, आणि तेही गावकुसाबाहेरच्या घरातल्या माणसाचं उष्टं ती बाई खात होती. खाली मान घालून, भराभर, ताट स्वच्छ होईपर्यंत. मालकांचा घास हातातच राहिला. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं.

पाहुण्यांना मावशींनी जेवा म्हटलं. पाळकसाहेबांनी हात जोडले. मावशींना ते कळलं असावं. त्यांनी आग्रह केला नाही, वावरात गेल्या आणि हरभऱ्याचे ढाळे उपटून आणले. ते कुणाला दाखवलेलं नव्हतं. तिघांनी आनंदानं सोलून खाल्लं. मीही खाल्लं.

परतताना जीपमध्ये पाळकसाहेब म्हणाले, “बाई चांगल्या आहेत, गुरुजी. पण मूर्तीपुढं ठेवलेलं त्या आपल्या डोळ्यांदेखत खात होत्या. बाप्तिस्मा थांबवू. त्यांची तयारी होऊ दे.”

मी म्हणालो, “बरं.”

तेव्हापासून वैनींची तयारी होतेय. कितीतरी येळवशी झाल्या. त्या रविवार चुकवत नाहीत. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट रांगांतून फिरवायचं काम वडिलांचं, म्हणजे माझं. शेवटच्या रांगेत मी ते त्यांच्या हातात देतो. बाप्तिस्मा नसलेल्यानं ती भाकर घ्यायची नसते, म्हणून वैनी तिला हात न लावता ताट शेजारच्या बाईकडं सरकवतात. शेजारची बाई म्हणजे त्यांच्याच रानात खुरपणारी, जिच्याबरोबर त्या पहिल्यांदा आल्या होत्या. ती घेते. दर महिन्याला हे होतं, आणि दर महिन्याला ताट त्यांच्या हातात देणारा हात माझा असतो.

पाळकसाहेबांना मी दोष देत नाही. शास्त्रात आधार त्यांच्याच बाजूला आहे. बाहेरच्यांना आत घ्यायचं ठरलं तेव्हा यरुशलेमच्या वडिलांनी पत्र धाडलं: सुंतेचं ओझं नको, पण मूर्तीला दाखवलेल्यापासून दूर राहा. ते कुणी लपवू नये. त्याच शास्त्रात तंबू शिवणारा सांगतो की पानात पडेल ते खा, चौकशा करू नका. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं, हे देवाला दाखवलेलं आहे, तर त्या माणसाच्या मनासाठी सोडा. दोन्ही आहे. ज्याला जे हवं ते तो काढतो. मीही दोन्हीकडून बोलू शकतो, तासभर बोलू शकतो, माझा धंदाच शिकवण्याचा आहे.

पण माझं दुखणं वादाचं नाही. मी पहिल्यापासून हात जोडले असते तर मावशींनी मलाही ढाळे दिले असते, आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. नियम पाळून न जेवणारा माणूस मी समजू शकतो, माझा आजा तसा होता. नियम सोडून जेवणाराही समजू शकतो. मी तिसरा. मी देवाला भिऊन उठलो नव्हतो, जीपला भिऊन उठलो होतो. त्या कोळी शिष्याचंही तेच झालं असणार असं मला वाटतं. त्याला नियमशास्त्र आठवलं नसावं, यरुशलेमहून आलेली तोंडं दिसली असावीत. फरक इतकाच, की त्याला सगळ्यांदेखत विचारणारा कुणीतरी होता.

यंदा तालुक्याला बैठक झाली. सगळ्या गावांसाठी एकच नियम करायचा म्हणून. नव्यानं येणाऱ्यांनी आधी येळवस, पोळा, घटस्थापना सगळं सोडायचं, घरच्यांच्या सणाला पंगतीत बसायचं नाही, बायकांनी गळ्यातलं काळं, म्हणजे मंगळसूत्र, काढायचं, आणि वर्षभर हे पाळून दाखवलं की मग बाप्तिस्मा. मी अशा बैठकांत कधी बोलत नाही. त्या दिवशी उठलो.

मी म्हणालो की शास्त्रातल्या त्या पंगतीच्या गोष्टीत आपण कोण आहोत ते आधी ठरवा. आपण यरुशलेमचे नाही. यरुशलेमची माणसं तिकडं होती, त्यांचे नियम त्यांच्या बापजाद्यांनी रक्त देऊन राखलेले होते, आणि तरीही त्यांनी दार उघडलं. आपण म्हणजे बाहेरचे. डुक्कर खाणारे, सुंता न झालेले, दगडापुढं माथा टेकून आलेले. आपल्याला त्यांनी जसेच्या तसे आत घेतलं. आणि आत आल्यावर चार पिढ्यांत आपण स्वतःचं यरुशलेम करून बसलो, आता दारात उभे राहून दुसऱ्याचं गळ्यातलं तपासतोय.

एक म्हातारे वडील दुखावले. ते म्हणाले, “गुरुजी, तुमचा आजा हे ऐकायला असता तर?”

“आज्याला त्या घरानं कधी पंगतीत बसवलंच नाही,” मी म्हणालो. “बसवलं असतं तर त्यानं काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही.”

पाळकसाहेबांनी यरुशलेमच्या पत्राची आठवण दिली, मी ती मान्य केली, आणि ‘पानात पडेल ते खा’ ही दुसरी जागा दाखवली. मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “गुरुजी, तुम्ही स्वतः कधी खाल्लंय?”

मी म्हणालो, “प्रश्न माझा नाही.”

पुन्हा तेच केलं. त्या वेळी तोंडात घासही नव्हता. नियम पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. बाहेर आल्यावर तरुण पोरं माझा हात दाबून म्हणाली, गुरुजी, हिंमत लागते. ती शाबासकी मी घेतली. घरी येईपर्यंत ती मला सोसेना.

पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकरीचं ताट दुसऱ्या वडिलांच्या हातात दिलं, शेवटच्या रांगेत पुरुषांच्या बाजूला जाऊन बसलो आणि माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा न घेता पुढं सरकवलं. पाळकसाहेबांनी समोरूनच विचारलं. मी म्हणालो की वैनी घेत नाहीत तोवर मीही घेणार नाही. सगळ्या मंडळीनं माना वळवल्या. पुन्हा कुणाला तरी मी धाडसी वाटलो असणार. वैनी खाली बघत होत्या.

उपासना सुटल्यावर त्या पत्र्याच्या सावलीला थांबल्या. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्द झालेला नव्हता.

“गुरुजी, माझ्यापायी उपाशी राहू नका,” त्या म्हणाल्या. “म्या तवा बसले ती तुमच्यासाठी न्हाय बसले.”

मी विचारलं, मग कशासाठी?

“दारात आलेल्या पाव्हण्यानं इचारलं, ताट कुणाचं? आता आमच्या रानातलं ताट कुणाचंच न्हाय असं म्हनायचं का? म्हून बसले.” मग म्हणाल्या, “बाप्तिस्म्याचं म्हनाल तर ते माझं आन् देवाचं हाय. त्यो थांबलाय तर म्याबी थांबते. पन सासूबाईंला काय सांगू ते मला अजून उमगंना. दर येळवशीला भज्जी ढवळताना इचारत्यात, मास्तर का उठला गं? मीठ जास्त झालतं का? का आपल्या हातचं चालत न्हाय त्यांला?”

मावशींनी त्या वर्षानंतर मला कधी बोलावलं नाही. मला वाटायचं, सुनेनं उष्टं खाल्लं म्हणून राग धरला असेल. राग नव्हता. ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांना चालत नाही म्हणून सांगितलं, त्या घरातली म्हातारी चुलीपाशी बसून विचारत होती की आपल्या हातचं चालत नाही का. माझ्या आज्याला यात समाधान वाटलं असतं का, कुणास ठाऊक. मला वाटलं नाही.

वैनी जाताना म्हणाल्या, “तुमचं तुमी बगा.” त्या आवाजात माफी नव्हती, दूषणही नव्हतं.

माझं मी बघितलं ते असं. पाळकसाहेब, तुम्ही विचारलंत, मी खाल्लंय का. खाल्लंय. ते मूर्तीला दाखवलेलं होतं हे ठाऊक असून खाल्लं, चवीनं खाल्लं, आणि त्याबद्दल मी तुमची किंवा कुणाचीही क्षमा मागणार नाही. पुन्हा बोलावणं आलं तर पुन्हा खाईन. त्यासाठी मला मंडळीबाहेर काढायचं तर काढा, मी दाराबाहेर बसून गाणी म्हणेन, आवाज पत्र्यातून आत येतो. पण त्या बाईंना तुम्ही ज्या ताटासाठी थांबवलंत ते त्यांचं नव्हतं. त्यांच्यावरचा तुमचा एकुलता एक आरोप माझा आहे. नियम कडक ठेवायचा की सैल ते बैठकीत ठरवा, त्यात मी हरलो तरी चालेल. या एका गोष्टीत मी हरणार नाही, कारण इथं वाद नाही, साक्ष आहे, आणि साक्षीदार मी आहे.

येळवस पुन्हा जवळ आलीय. रानोरान कोप्यांसाठी कडबा काढून ठेवलाय.

लिहिणं मला सोपं जातं; बोलणं अजून बाकी आहे. मंडळीसमोर उभं राहून, वैनी शेवटच्या रांगेत असताना, हे मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. आणि मावशींना त्यांच्या दारात जाऊन सांगितलेलं नाही की भज्जीत मीठ बरोबर होतं, मी भ्यालो होतो. ही दोन्ही देणी माझ्याकडं आहेत.